‘तू कोमट आहेस’ असं नवरा म्हणतो

पत्राचा सारांश

वसई तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 38 वर्षांच्या, कॅथलिक. नवरा घरच्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. बोट सासऱ्यांनी बांधलेली, सासरे आता नाहीत. इंजिन बदललं त्याचं कर्ज अजून फिटायचं आहे. बोटीची मासळी ताई बाजारात बसून विकतात. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत, सासूबाई घरात.

यंदा पावसाळी बंदीच्या दिवसांत नवरा एका मित्राबरोबर रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनाशिबिराला गेला आणि पंधरा वर्षांची दारू तिथे सोडून आला. तेव्हापासून त्याने थेंब घेतलेला नाही, घरात आवाज चढवलेला नाही. पण ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या तेव्हा तो निघाला नाही. बोटीवर पगारी तांडेल ठेवला आणि स्वतः प्रार्थनागटाबरोबर गावोगाव फिरू लागला. ‘आता मी देवाचा’ म्हणून रात्री बाहेरच्या खोलीत झोपतो. नव्या जाळ्यांसाठी बाजूला ठेवलेले 45,000 रुपये त्याने गटाच्या साउंड सिस्टिमसाठी दिले. ताईंना ते पासबुक भरून आणल्यावर कळलं. विचारलं तर म्हणाला, ‘येशूमागे जाताना पेत्राने जाळी टाकून दिली तेव्हा बायकोला विचारलं होतं का? तू कोमट आहेस. देव कोमटांना तोंडातून ओकून टाकतो.’

ताई लिहितात: ‘तो देवाला सगळं देतोय आणि मी हिशेब मागतेय. मी दोघांच्या मध्ये येतेय का? रविवारची मिस्सा मी चुकवत नाही, पण जपमाळ हातात असताना डोक्यात बर्फवाल्याचे पैसे असतात. मी खरंच कोमट असले तर तसं सांगा, वाईट वाटून घेणार नाही. त्याच्याशी बोलायचंय. पण बोलले आणि त्याने परत बाटली धरली तर?’

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे आधी वळते. देवाबद्दलचे बाकीचे प्रश्न खरेच आहेत, पण ते मनात दाबून तुम्ही इतके दिवस राहिलात ते या एका भीतीपोटी, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

पंधरा वर्षं दारू सोसलेल्या घराला शांत रात्रीचं मोल काय असतं, हे बाहेरच्या माणसाने तुम्हाला सांगू नये. त्या रिट्रीटमध्ये तुमच्या नवऱ्याला जे मिळालं ते खोटं होतं असं समजायला मला काही कारण दिसत नाही. देवाने हात दिला असं तो म्हणतो, तर म्हणू द्या; मीही तेच म्हणेन. पण त्या दिवसापासून तुम्ही मनातल्या मनात एक सौदा केलेला दिसतो: पीत नाही ना, मग बाकी जे करेल ते मुकाट्याने सोसायचं. म्हणजे त्याचं न पिणं तुमच्या गप्प राहण्यावर टिकून आहे, असं तुम्ही धरून चाललात. जरा मागे वळून बघा. या पंधरा वर्षांत तुम्ही कधी भांडला असाल, कधी अबोला धरला असेल, कधी सासूबाईंना पुढे केलं असेल. त्यातल्या कशानेही ती सुटली नाही. जी तुमच्या बोलण्याने सुटली नाही ती तुमच्या बोलण्याने परत येईल, हे कुठल्या हिशेबाने?

दारू सोडलेल्या माणसाची संध्याकाळ एकदम रिकामी होते. जो वेळ बाटलीत जायचा तो आता प्रार्थनेत जातोय, याला नावं ठेवू नका. काळजी एवढ्याचीच, की गट हा एकच आधार असू नये. गटात माणसं असतात, ती भांडतात, गट फुटतात, आणि मग त्या रिकाम्या संध्याकाळी माणूस एकटाच उरतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) ही चळवळ 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच एकमेकांना धरून सुरू केली. मुंबई-वसईच्या पट्ट्यात त्यांच्या सभा भरतात. फी नसते, कोणाचा धर्म विचारत नाहीत, आणि तिथे गेल्याने प्रार्थना सोडावी लागत नाही. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे तुम्ही त्याला न घेता, त्याला पटवत न बसता, एकट्या जाऊ शकता. खरं तर नवऱ्याशी बोलण्याआधी तिथे एकदा जाऊन आलात तर बरं.

आता पेत्र आणि त्याची जाळी.

पेत्राने बायकोला विचारलं होतं का, हे शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. पण त्याच अध्यायात आणखी बरंच लिहिलेलं आहे, आणि कोळ्याच्या घरातल्या माणसाने ते सोडून पुढे जावं याचं मला नवल वाटतं. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. पेत्र आणि आंद्रेया जाळी टाकून देऊन येशूमागे जातात, हे खरं. पण दोनच ओळींनंतर याकोब आणि योहान निघतात, तेव्हा आपल्या बापाला, जब्दीला, ते मचव्यात ‘चाकरांबरोबर’ सोडून जातात. म्हातारा एकटा पडला नव्हता; जाळं ओढायला हात होते, धंदा चालू होता. मार्कच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, मी धर्मगुरूही नाही. पण तो शब्द तिथे आहे.

आणखी थोडं खाली या. सभास्थानातून निघून येशू थेट जातो कुठे? पेत्राच्या घरी. जाळी टाकून दिलेल्या पेत्राला अजून घर आहे, घरात सासू आहे, ती तापाने फणफणलीय. येशू तिचा हात धरून तिला उठवतो आणि ती सगळ्यांना वाढते. म्हणजे ज्याच्यासाठी पेत्राने धंदा सोडला तो स्वतः त्याच्या सासूच्या अंथरुणापाशी गेला. पुढे कितीतरी वर्षांनी पौल करिंथकरांना लिहितो की पेत्र आपल्या बायकोला बरोबर घेऊन फिरतो. आणि पुनरुत्थानानंतर, योहानच्या शेवटच्या अध्यायात, पेत्र म्हणतो, ‘मी मासे धरायला जातो’, तेव्हा तिथे मचवाही असतो आणि जाळंही. त्या पहाटे मिळालेले मासे योहानने मोजून लिहून ठेवलेत, 153. तुमच्या नवऱ्यासारखा तांडेल हे वाचून हसायला हवा: हिशेब ठेवणारा माणूस येशूच्या मंडळीतही होता.

हे सगळं मी त्याच्या तोंडावर फेकायला देत नाहीये. कारण बायबलमध्ये दुसरंही आहे. ‘आपला बाप, आई, बायको, मुलं यांचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही’ असं लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो. ते वाक्य बोचणारं आहे आणि ते गुळगुळीत करून तुमच्या हातात देण्याचा माझा विचार नाही. देव पहिला, बाकी सगळे नंतर, हे ख्रिस्ती माणसाला चुकत नाही, तुम्हालाही नाही. मात्र लगेच पुढच्या ओळीत येशू काय उचलायला सांगतो? स्वतःचा क्रूस. तुमच्या घरात सध्या नवऱ्याने बोट सोडली आहे आणि कर्जाचा हप्ता, पगारी तांडेलाचे पैसे, खलाशांची उचल, सासूबाईंचं औषध हे सगळं पहाटे चारला उठणारी बाई वाहते आहे. त्याने स्वतःचं काय सोडलं, याचं उत्तर ‘दारू’ हे आहे आणि ते मोठं आहे. त्यापुढचं जे त्याने सोडलं, त्यातलं बरंचसं तुमचं होतं.

तो उद्या कदाचित आपल्या गोन्सालो गार्सियाचं नाव काढेल. काढू द्या, वसईचाच संत आहे. जपानमध्ये चांगला चाललेला व्यापार सोडून तो मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, नागासाकीला 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रुसावर मेला, 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. पण त्याने धंदा सोडला तेव्हा घरी कोणी हप्त्याची वाट बघत नव्हतं. हा फरक मी काढलेला नाही, चर्चनेच केलेला आहे. लग्न टिकून आहे तोवर नवऱ्याला संन्यस्त संघात प्रवेशच मिळत नाही. विवाहित पुरुषाला कायमचा डीकन, म्हणजे वेदीपाशी सेवा करणारा दीक्षित सेवक व्हायचं असेल तर वय किमान 35 हवं आणि बायकोची संमती हवी. चर्चच्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. वेदीपाशी उभं राहायला बायकोची संमती लागते, तर साउंड सिस्टिमला का लागू नये?

बाहेरच्या खोलीचं तुम्ही एकाच वाक्यात लिहून पुढे गेलात. मीही फार खोलात जात नाही, पण सोडूनही देत नाही, कारण अशी पत्रं मला येतात आणि बायका तिथे नेहमी घाईने पान उलटतात. पौल याबद्दल अगदी उघड बोलतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की नवराबायकोने एकमेकांपासून दूर राहू नये. प्रार्थनेसाठी राहायचंच तर दोघांच्या संमतीने, थोड्या काळापुरतं, आणि मग पुन्हा एकत्र यावं. तुमच्या घरात संमती नव्हती, मुदत ठरलेली नव्हती. मग त्याला देवासाठी केलेला त्याग म्हणणं कठीण आहे.

इथे मला फ्रान्समधलं एक जोडपं आठवतं, लुई आणि झेली मार्तें. लिझ्यूच्या संत तेरेजाचे आईवडील. लुईला तरुणपणी मठात जायचं होतं. लॅटिन येत नाही म्हणून परत पाठवलं. झेलीलाही कॉन्व्हेंटने घेतलं नाही. तो घड्याळजी झाला, ती लेस विणायचा धंदा चालवायची, हाताखाली कामगार बायका. 1858 मध्ये लग्न झालं आणि लुईच्या आग्रहाने ते सुमारे दहा महिने भावाबहिणीसारखे राहिले, कारण त्याला वाटत होतं की देवाला पूर्ण वाहून घ्यायचं तर असंच. मग त्यांच्या धर्मगुरूने समजावलं, की बाबांनो, तुमचा मार्ग तो नाही. पुढे नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली, उरलेल्या पाचही मुली धर्मभगिनी (नन) झाल्या. झेलीची पत्रं गिऱ्हाइकांच्या, मालाच्या आणि दुखण्याखुपण्याच्या काळजीने भरलेली आहेत. 18 ऑक्टोबर 2015 रोजी चर्चने दोघांना एकत्र संत जाहीर केलं. नवराबायकोला असं जोडीने संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. तुमच्या नवऱ्याला कोणा प्रवचनकाराचं ऐकवायचंच असेल तर ही गोष्ट ऐकवा. मठात जाण्याची ओढ लुईची खरी होती. ती त्याने दुकानात आणि घरात जिरवली, आणि रविवारी दुकान उघडलं नाही.

पैशाबद्दल मला अधिक कडक बोलायचं आहे. दान देणं चुकीचं नाही, जाळ्यांसाठी ठेवलेले पैसे दान देणंही एखाद वेळी बरोबर ठरू शकतं. पण ते तुम्हाला पासबुकातून कळलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ज्या लोकांवर चिडतो ते पापी, जकातदार नव्हते, धर्म पाळणारे लोक होते. आईबापांना ते सांगायचे, ‘माझ्याकडून तुम्हाला जे मिळालं असतं ते आता देवाला अर्पण झालेलं आहे.’ देवाच्या नावावर घरच्यांचा वाटा काढून घेण्याची युक्ती येशूला माहीत होती आणि तिच्यावर त्याने जेवढं सुनावलं तेवढं क्वचितच कशावर सुनावलं असेल. पौल तर वर्गणी मागतानाही सांगतो, तुमच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे द्या, नाही त्याप्रमाणे नको. दुसऱ्यांची सोय आणि तुमची ओढाताण व्हावी म्हणून मी मागत नाही, असंही तो लिहितो. इंजिनाचं कर्ज डोक्यावर असताना दिलेले 45,000 म्हणजे एका अर्थी बँकेने केलेलं दान. बँकेला त्याचं पुण्य मिळो.

आता ‘कोमट’. प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय, लावदिकियाच्या मंडळीला धाडलेलं पत्र. सोळावं वचन तुमच्या नवऱ्याला पाठ आहे. सतराव्यात कारण दिलंय: ‘मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही, असं तू म्हणतोस.’ कोमट कोण, तर ज्याला आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटतं तो. ‘मी कोमट असले तर सांगा’ असं जी बाई अनोळखी माणसाला लिहून विचारते, तिला हे वचन लावायचं म्हणजे जरा ओढूनताणूनच लावावं लागेल. आणि मला विचाराल, तर आपण आता पूर्ण देवाचे झालो, आपल्याला कोणाला विचारायची गरज उरली नाही, असं वाटणाऱ्यानेच ते सतरावं वचन आरशासमोर वाचावं.

एवढं बोलून तुम्हाला मोकळं सोडलं असतं, पण तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून तुमच्याबद्दलही बोलते.

जपमाळ करताना बर्फवाल्याचे पैसे आठवतात, यावर चर्चचं अधिकृत धर्मशिक्षण फार समंजस आहे: मन भरकटणं ही प्रार्थनेतली नेहमीचीच अडचण, त्या विचारांच्या मागे लागून त्यांना हाकलत बसलात तर त्यातच अडकाल, नुसतं परत देवाकडे वळा, आणि जे आठवतं त्यावरून आपला जीव कशात गुंतलाय ते कळतं. तुमचा जीव बर्फाच्या पैशात नाही, त्यामागे असलेल्या चार माणसांच्या जेवणात आहे. तर मग तेच बोला ना देवाशी. ‘नमो मरिये’ म्हणताना मध्येच ‘मंगळवारचे सहाशे द्यायचेत’ आलं, तर ते झटकू नका, तिच्या पदरात टाका आणि पुढचा मणी ओढा.

मला खटकलं ते वेगळं. एवढ्या लांब पत्रात तुमची स्वतःची प्रार्थना ‘मिस्सा चुकवत नाही’ एवढीच आहे. बाकी सगळीकडे त्याची प्रार्थना, त्याचा देव, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये किंवा बाहेर. त्या 45,000 चा राग तुम्ही देवाला एकदा तरी बोलून दाखवलात का? स्तोत्रांमध्ये लोक देवाला काय काय बोललेत ते बघा, ‘किती काळ, परमेश्वरा?’ म्हणून भांडलेत. पूर्ण मनाने प्रीती करायची म्हणजे रागावलेलं, दमलेलं मनही त्यात आलं. देवासमोर जाताना तुम्ही ते घरी ठेवून, चांगली साडी नेसल्यासारखं दुसरं मन घेऊन जात असाल, तर अर्धवटपणा असलाच तर तो तिथे आहे. बर्फवाल्यात नाही.

यासाठी तासन्‌तास काढायचे नाहीत. डोल, म्हणजे समुद्रात बांधून ठेवायचं जाळं, लावणारा कोळी भरती काही आपल्या जोरावर आणत नाही. पाण्याची ओढ कुठून आहे ते बघून जाळ्याचं तोंड तिकडे करतो, बांधतो आणि थांबतो. दिवसातली एक ठरलेली वेळ, पाच-दहा मिनिटांची, पण ठरलेली. पाटी मांडून झाली आणि पहिलं गिऱ्हाईक यायचंय, ती वेळ चालेल. तुम्हाला बाजार प्रार्थनेच्या आड येतो असं वाटतं. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्रतेवर जे लिहिलं त्यात उदाहरण बाजाराला निघालेल्या बाईचंच दिलंय. शेजारीण भेटते, चुगल्या सुरू होतात, आणि ही मनात म्हणते, नाही, मी कोणाबद्दल वाईट बोलणार नाही. घरी येते, दमलेली असते, पोराला काही सांगायचं असतं, बसून ऐकते. मासळीबाजारात बसून कोणाबद्दल वाईट न बोलणं म्हणजे काय तप आहे, ते पोपना कोणी सांगितलं असेल का, देव जाणे. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्रतेचं आमंत्रण सगळ्यांना आहे असं म्हटलं तेव्हा नवराबायकोंचा आणि अंगमेहनत करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख केला. तुमचा दोन्हीत नंबर लागतो.

नवरा देवाकडे निघाला आणि बायको मागे राहिली, हे मराठी घराला नवीन नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये, स्वतःला पटलं तेव्हा, स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला आल्या. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, ते सगळं लक्ष्मीबाईंनी पुढे हसत हसत, पण काहीही न लपवता लिहून ठेवलं. तिच्या त्या सगळ्या तक्रारींमुळे तिची श्रद्धा कमी होती असं आज कोणी म्हणत नाही.

बोलायचं कसं, ते आता. रात्री तो दमून, भारून परत येतो तेव्हा बोलू नका. रविवारी मिस्सानंतर, मुलं नसताना बोला. सुरुवात दारूपासून करा: तू सोडलीस, मी रोज देवाचे आभार मानते. हे तुम्ही त्याला तोंडाने कधी सांगितलंय का, मला शंका आहे. वचनांची जुगलबंदी करू नका. त्यात तो तयार आहे आणि तुम्ही हराल, आणि जिंकलात तरी हाती काही लागणार नाही. वर मी जे अध्याय सांगितले ते तुमच्या धीरासाठी आहेत. मागायच्या गोष्टी थोड्या ठेवा. खात्यातून मोठी रक्कम काढायची तर दोघांना माहीत असावं. बँकेत दोघांच्या सह्या लागतील अशी सोय करता येते. हप्ता, डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे, मुलांचं शिक्षण एवढं बाजूला काढून जे राहील त्यातून किती द्यायचं ते दोघांनी बसून ठरवायचं. कॅथलिक चर्चने दहा टक्क्यांचं बंधन कोणावर घातलेलं नाही, आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावा एवढंच सांगितलंय.

बोटीबद्दल: ‘प्रार्थना की बोट’ असा पेच घालू नका. आपल्या किनाऱ्याचं वर्षच असं आहे की दोन्हीला जागा निघते. 1 जून ते 31 जुलै, बंदीचे 61 दिवस बोट वर ओढलेली असते. तेव्हा रिट्रीट करा, गावं फिरा. हंगामात भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, डोलीला मासळी कमी; तेव्हा गटाला वेळ द्या. उधाणात, मोठ्या भरतीच्या दिवसांत, बोटीवर जा. त्याला आयुष्यभर पूर्ण वेळ हेच काम करायचं असेल, तर तेही ऐकून घ्या, ‘नाही’ म्हणू नका. म्हणा, वर्षभर बोटीवर राहून, फादरांच्या मार्गदर्शनाखाली पारखून बघ. कर्ज फिटलं, मुलगी मार्गाला लागली, आणि तेव्हाही ओढ तेवढीच असली तर मी बरोबर बसून विचार करेन. हे खोटं आश्वासन म्हणून देऊ नका, मनात असेल तरच द्या.

गटाच्या प्रमुखांना कर्जाचं माहीत आहे का, हेही विचारा. बऱ्याचदा माहीत नसतं. चांगला गट हे ऐकल्यावर स्वतःच म्हणतो, आधी घर सांभाळ. बायकोने विचारलेला प्रश्न ज्या गटाला ‘सैतानाची आडकाठी’ वाटतो, तिथून पैसा तरी लांब ठेवा, आणि तुमच्या फादरांच्या कानावर घाला.

तो ऐकूनच घेणार नाही, असंही होऊ शकतं. मग सासूबाईंना बरोबर घ्या. आई आहे, आणि बोट तिच्या नवऱ्याने बांधलेली आहे. बोटीची नोंदणी आणि मासेमारी परवाना सध्या कोणाच्या नावावर आहे ते पाहून ठेवा, म्हणजे उद्या कोणी विकायचं म्हटलं तर अंधारात राहणार नाही. तुमच्या विक्रीचा घरखर्चाचा भाग तुमच्या स्वतःच्या खात्यात ठेवा. यात अविश्वास नाही. कोळणीच्या हातात घराचा पैसा असणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. आणि त्याने पुन्हा ग्लास धरलाच, तर त्या रात्री कोणाला फोन करायचा ते आजच ठरवून ठेवा: त्याचा भाऊ, फादर, ए.ए.मधला कोणी. ‘मी बोलले म्हणून झालं’ हे वाक्य मात्र स्वतःला म्हणू द्यायचं नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांत उलटी परिस्थिती असलेलेही असतील. बायको प्रार्थनेत रमली आणि नवरा कुरकुरतोय असं घर रत्नागिरीत, सावंतवाडीत, कुठल्याही चर्चमध्ये सापडेल. त्यांनाही हेच विचारेन: लपवून काही होतंय का, आणि किंमत कोण मोजतंय? पण रोज अर्ध्या तासाच्या मिस्सेला जाणाऱ्या माणसाला अडवायला माझं हे उत्तर कोणी वापरू नये. घरात थोडी गैरसोय झाली म्हणजे देव जास्त झाला, असं होत नाही.

राहिली मुलगी. बारावीची परीक्षा फी, पुढच्या प्रवेशाचे पैसे, हे कुठल्याही बोलण्याच्या निकालावर ठेवू नका. तेवढी रक्कम या आठवड्यातच वेगळ्या खात्यात टाका आणि टाकलीत हे नवऱ्याला त्याच दिवशी सांगा. लपवाछपवी तुमच्याकडूनही नको.